वारुळाकडून इमारतीने काय घ्यावं?

दिल्लीचं लोटस टेंपल बहुतेकांनी पाहिलेलं असतं, निदान फोटोत तरी. १९८६ साली पूर्ण झालेलं हे बहाई प्रार्थनास्थळ फारिबुर्झ साहबा या वास्तुरचनाकाराने अर्धवट उमललेल्या कमळासारखं घडवलं. संगमरवराने मढवलेल्या २७ पाकळ्या आणि भोवती नऊ जलाशय. वास्तू देखणी आहे यात शंकाच नाही. पण खरं कमळ तळ्यात जी कामं करतं, म्हणजे पानावर पाणी ठरू न देणं, चिखल अंगाला लागू न देणं, देठातल्या पोकळ नळ्यांतून चिखलातल्या कंदापर्यंत हवा पोचवणं, त्यातलं एकही काम या पाकळ्यांकडे नाही. त्या कमळाची आठवण करून देतात. प्रार्थनास्थळाकडून तेवढी अपेक्षा पुरेशी आहे.

‘निसर्गापासून प्रेरणा घेतलेली वास्तू’ असं कुणी म्हटलं की मला पहिला प्रश्न हाच पडतो: प्रेरणा दिसण्याची घेतली आहे की चालण्याची? पानासारखं छप्पर, शंखासारखा जिना, पोळ्यासारखी जाळी हे सगळं दिसण्याच्या खात्यात जमा होतं. आर्किटेक्ट मंडळी ज्याला ‘बायोमिमिक्री’ म्हणतात ती गोष्ट मात्र दुसऱ्या खात्यातली आहे. ऊन, पाणी, वारा, स्वतःच्या अंगाचं वजन हे प्रश्न एखादा जीव कसे निभावून नेतो ते आधी नीट समजून घ्यायचं आणि ती रीत बांधकामात उतरवायची. अमेरिकेच्या लेखिका जॅनीन बेन्यस यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा शब्द सर्वतोमुखी केला. काम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

त्यातलं समजायला सगळ्यात सोपं उदाहरण साखळीचं आहे. एखादी बारीक साखळी दोन्ही हातांत टोकं धरून मध्ये सैल सोडा. तिला जो झोळ पडतो तो तुम्ही ठरवलेला नसतो, साखळीच्या वजनानेच तो ठरतो. त्या झोळातल्या प्रत्येक कडीवर फक्त ओढ असते. कुठेही मोड नाही, दाब नाही. आता ही वक्ररेषा होती तशी गोठवली आणि उलटी करून जमिनीवर उभी केली असं समजा. जिथे निव्वळ ओढ होती तिथे आता निव्वळ दाब आला. दगड आणि वीट दाब छान सोसतात, ओढ मात्र अजिबात सोसत नाहीत. म्हणजे विटांच्या कमानीसाठी योग्य आकार कोणता, हे साखळीने आपल्याला फुकटात सांगितलं. इंग्लंडच्या रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने हे १६७५ मध्येच लिहून ठेवलं होतं.

बार्सिलोनाचा वास्तुरचनाकार अंतोनी गौदी याने हीच युक्ती अख्ख्या चर्चसाठी वापरली. शहराजवळच्या कोलोनिया ग्वेल इथल्या चर्चची प्रतिकृती त्याने छतापासून खाली, उलटी टांगली. खांब आणि कमानींच्या जागी दोऱ्या, आणि जिथे जितका भार येणार तिथे त्या प्रमाणात शिशाच्या छऱ्यांच्या छोट्या पिशव्या. एका पिशवीत छरे वाढवले की आसपासच्या सगळ्या दोऱ्या थोड्या थोड्या सरकून नवा तोल साधत. मग या टांगलेल्या प्रतिकृतीचे फोटो काढून ते उलटे धरायचे आणि त्यावर इमारत रंगवायची. ही मांडणी करण्यात वर्षंच्या वर्षं गेली आणि चर्चचा फक्त खालचा भाग बांधून झाला. पण तिथे हाताशी आलेलं शहाणपण त्याने बार्सिलोनातल्या सग्रादा फामिलिया या भव्य चर्चमध्ये वापरलं. तिथले खांब कललेले आहेत आणि वर जाऊन फांद्यांसारखे फुटतात. बघणाऱ्याला ते जंगल वाटतं. झाडांवर गौदीचं प्रेम होतंच, पण ते खांब कुठे आणि किती कलावेत हे भाराने ठरवलेलं आहे.

आता वारुळाकडे येऊ. या विषयातलं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं, आणि बहुतेक वेळा अर्धवटच सांगितलं जाणारं उदाहरण हे आहे.

झिंबाब्वेची राजधानी हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. दिवसा ऊन कडक, पण रात्र झाली की हवा चांगली गार पडते. ऑक्टोबर हा तिथला तापणारा महिना. त्यातही दुपारी पारा साधारण २९ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे १५-१६ वर उतरतो. १९९० च्या दशकात ओल्ड म्युच्युअल या कंपनीला या शहराच्या मध्यभागी ऑफिसं आणि दुकानांची मोठी इमारत बांधायची होती. एसीची यंत्रणा परदेशातून आणा, तिचे सुटे भाग आणत राहा, ती चालवायला वीज पुरवा, हा सगळा खर्च डोईजड. म्हणून वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांच्याकडून नेहमीच्या एसीशिवाय चालेल अशी इमारत मागितली गेली. अभियांत्रिकीची बाजू अरुप या कंपनीने सांभाळली. १९९६ मध्ये ईस्टगेट सेंटर उभं राहिलं.

पिअर्स यांच्या डोळ्यांसमोर वाळवीची वारुळं होती. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात ती माणसाच्या उंचीपेक्षा वर जातात. आत, जमिनीच्या पातळीला किंवा खाली, वाळवीची वस्ती असते आणि त्या वस्तीत चक्क शेती चालते. वाळवी वाळलेला काडीकचरा आणून त्यावर एक बुरशी वाढवते आणि तिच्यावर जगते. गोव्यात आणि कोकणात पहिल्या पावसांनंतर वारुळांवर जी अळंबी उगवते आणि बाजारात चढ्या भावाने विकली जाते, ती याच जातकुळीतल्या बुरशीची. लाखो किडे आणि ही बुरशी मिळून सतत श्वास घेत असतात. तेव्हा आतली कोंदट हवा बाहेर जायलाच हवी आणि ताजी आत यायलाच हवी. पंखा नाही, खिडकी नाही, आणि बऱ्याच वारुळांना वर भोकही नाही. तरी आत जीव गुदमरत नाही.

ईस्टगेटमध्ये हवा कशी फिरते ते पाहण्यासाठी तिच्या मागोमाग जाऊ. नऊ मजल्यांच्या दोन लांबट इमारती समोरासमोर उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये काचेच्या छताखाली चौक आहे. खालच्या बाजूला बसवलेले पंखे या चौकातली सावलीची हवा ओढतात, गाळतात आणि इमारतीच्या पोटातून वर जाणाऱ्या उभ्या डक्टमध्ये ढकलतात. प्रत्येक मजल्यावर ऑफिसची जमीन पोकळ आहे. डक्टमधली हवा त्या पोकळीत शिरते. पोकळीतलं काँक्रीट सपाट नाही, त्याला दातांसारखे उंचवटे काढले आहेत. हवा त्यांना घासत, अडखळत पुढे सरकते. एवढं घासून जाणं मुद्दाम आहे, कारण हवेचा आणि काँक्रीटचा जितका जास्त संबंध येईल तितकी उष्णता एकातून दुसऱ्यात जाते. मग ही हवा खिडकीखालच्या जाळ्यांतून खोलीत येते. माणसं, दिवे, कम्प्युटर यांनी तापून ती वर चढते, छताजवळच्या झडपांमधून परतीच्या डक्टमध्ये जाते आणि शेवटी गच्चीवरच्या विटांच्या ४८ धुराड्यांमधून बाहेर पडते.

खरं काम रात्री होतं. ऑफिसं रिकामी झाली की पंख्यांचा जोर वाढवतात आणि बाहेरची गार हवा रात्रभर त्या दातेरी पोकळ्यांमधून खेळवतात. बिडाचा जाड तवा तापायला वेळ घेतो आणि निवायलाही घेतो. काँक्रीटचं तसंच आहे. पहाटेपर्यंत त्याची दिवसभराची धग निघून जाते. सकाळी पंखे मंद करतात. दिवसा आत येणारी कोमट हवा या गार काँक्रीटला आपली उष्णता देते आणि खोलीत थोडी निवून पोचते. संध्याकाळपर्यंत काँक्रीट पुन्हा तापतं, आणि तोवर रात्र आलेली असते.

याच्या जोडीला ऊन आतच येऊ नये अशी तजवीज आहे. दर्शनी भागात काच कमी आहे, खिडक्यांवर खोल सावली आहे. बाहेरची भिंत गुळगुळीत ठेवण्याऐवजी तिला कंगोरे आणि उंचवटे दिले आहेत. यामागे निवडुंग आहे: काटेरी, खाचखळग्यांच्या पृष्ठभागाचा काही भाग नेहमी सावलीत राहतो आणि रात्री उष्णता टाकायला जास्त जागा मिळते. एवढ्या मोठ्या इमारतीत एसीचा प्लांट बसवावाच लागला नाही. तो खर्च वाचला आणि रोजची वीजही वाचली.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. पुढची फारशी मिळत नाही, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे.

ईस्टगेटची आखणी झाली तेव्हा वारुळाबद्दलचा रूढ समज स्वित्झर्लंडच्या मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर उभा होता. वस्तीच्या उष्णतेने हवा तापते, मधल्या पोकळीतून वर जाते, बाहेरच्या पातळ भिंतींजवळच्या नळ्यांमध्ये निवते आणि पुन्हा खाली येते. या फेऱ्यामुळे आतलं तापमान एका आकड्यावर टिकून राहतं, असं ते चित्र. नंतर अमेरिकेचे जीवशास्त्रज्ञ स्कॉट टर्नर आणि ब्रिटनचे अभियंते रुपर्ट सोर यांनी नामिबियात वारुळांचा कसून अभ्यास केला. आतलं नळ्यांचं जाळं दिसावं म्हणून त्यांनी वारुळात प्लास्टर ओतलं, ते घट्ट झाल्यावर बाहेरची माती धुऊन काढली, आणि पांढऱ्या मुळांचा गुंता असावा तसा आतल्या वाटांचा साचा मोकळा केला. २००८ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की वारुळातल्या घरट्याचं तापमान स्थिर नसतं. ते आजूबाजूच्या जमिनीच्या तापमानाबरोबर ऋतूनुसार वरखाली होतं. गारवा टिकवणं हे उंच मनोऱ्याचं काम नव्हेच. त्याचं काम श्वासाचं आहे. सच्छिद्र मातीच्या भिंतींतून वाऱ्याचे लहानमोठे झोत आतल्या हवेला हलवतात आणि वायूंची देवघेव होते.

२०१५ मध्ये आणखी एक तुकडा जुळला, आणि तो आपल्याकडचा आहे. हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी बेंगळुरूमध्ये ओडोन्टोटर्मिस ओबेसस या वाळवीच्या वारुळांमधली हवा मोजली. महाराष्ट्रात शेताच्या बांधावर, माळावर जी कंगोऱ्यांची वारुळं दिसतात ती बऱ्याचदा याच वाळवीची असतात. आतला हवेचा प्रवाह अतिशय मंद असतो, म्हणून मोजण्याची उपकरणंही त्यांना खास तयार करावी लागली. दिसलं ते असं: दिवसा बाहेरचे पातळ कंगोरे लवकर तापतात, त्यातली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतली हवा खाली उतरते. रात्री कंगोरे आधी गार होतात आणि प्रवाह उलटा फिरतो. दिवसभरात साठलेला कार्बन डायऑक्साइड रात्री बाहेर पडतो. इथे वाऱ्याचा फारसा हात नव्हता. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरक हेच इंजिन होतं.

आता ईस्टगेटचा रात्रीचा कारभार आठवा. तोही दिवसरात्रीच्या फरकावरच चालतो. म्हणजे पिअर्स यांच्यासमोरचं वारुळाचं चित्र पूर्ण बरोबर नसतानाही इमारत उत्तम चालली, आणि पुढे वारुळाबद्दल जे उलगडलं ते काही अंशी इमारतीच्याच रीतीशी जुळलं. हे पूर्ण एकसारखं आहे असं मात्र म्हणू नये. वारूळ त्या फरकातून श्वास घेतं, इमारत गारवा साठवते. माझ्या दृष्टीने यातली खरी गोष्ट अशी: अभियंत्यांनी वारुळावर विश्वास टाकून काँक्रीट ओतलं नव्हतं. हरारेचं तापमान, काँक्रीटची जाडी, हवेचा वेग यांची आकडेमोड करून त्यांनी ती रीत इमारतीपुरती स्वतंत्रपणे पारखली होती. वारुळाने दिशा दिली. जबाबदारी त्यांनी स्वतःवर ठेवली.

मग हीच रीत आपल्याकडे चालेल का? याचं उत्तर महाराष्ट्रात गावागणिक बदलतं.

पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८ अंशांच्या आसपास आणि पहाटे २०-२१ असा सरासरीचा हिशेब असतो. हवा कोरडी असते. हरारेची युक्ती इथे लागू पडण्यासारखी आहे. मुंबईत मे महिन्यात दुपारी ३३-३४ आणि पहाटे २७. त्यात दमट हवा. रात्रभर खिडक्या उघड्या ठेवून काँक्रीट निववायचं म्हटलं तरी निववायला गारवाच नाही. तिथे सावली आणि अंगावरून वाहता वारा हेच उपयोगी. कोकणातलं उतरत्या छपराचं, पडवीचं, हलक्या बांधणीचं घर त्याच हिशेबाने आलेलं आहे. नागपुरात मेमध्ये दिवस-रात्रीत फरक भरपूर, पण पहाटेचे २८ अंशही फार गार नव्हेत. तिथे ही रीत मार्चमध्ये साथ देईल, मेमध्ये एकटी पुरी पडणार नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही इथे एक शंका येईल. आमचाही स्लॅब काँक्रीटचाच आहे, मग आमचं घर रात्री भट्टी का होतं? कारण तो स्लॅब दिवसभर थेट उन्हात भाजतो आणि साठवलेली उष्णता रात्री नेमकी आपल्या पलंगावर सोडतो. ईस्टगेटमधलं गारवा साठवणारं काँक्रीट उन्हाच्या आड, इमारतीच्या पोटात आहे, आणि रात्री त्याच्या अंगावरून मुद्दाम वारा फिरवला जातो. साहित्य तेच, जागा उलटी. उन्हाकडून सावली आणि रात्रीकडून वारा ही दोन्ही कामं झाल्याशिवाय जाड भिंतीचा किंवा जाड स्लॅबचा काही उपयोग नाही. सोलापूर आणि मराठवाड्याकडच्या माळवदाच्या घरांनी हे साध्या साहित्यात केलं होतं. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, जाडजूड भिंती, झरोके, आणि उन्हाळ्यात माणसांनी रात्री माळवदावर झोपायचं. ती घरं वारूळ बघून कुणी बांधली नव्हती. पण हवामान तेच, प्रश्न तोच, म्हणून उत्तरंही जवळपास आली.

उष्णतेनंतर पाण्याचा विचार करू, आणि त्यासाठी पुण्याच्या पश्चिमेला, मोसे नदीच्या खोऱ्यात जावं लागेल. लवासा म्हटलं की लोकांना इटालियन धाटणीच्या रंगीत इमारती आठवतात. पण त्या शहराचा आराखडा करताना एचओके या अमेरिकन वास्तुरचना कंपनीने बेन्यस यांच्या सहकाऱ्यांना सल्लागार म्हणून घेतलं होतं आणि त्यांनी एक चांगला प्रश्न विचारला होता: या डोंगरावर मुळात जे पानझडी जंगल होतं ते चार महिन्यांचा धो धो पाऊस कसं पचवत होतं?

जंगलात पडणारं सगळंच पाणी जमिनीवर आदळत नाही. काही पानांवरच अडतं आणि वाफ होऊन परत जातं. काही खोडावरून सावकाश ओघळतं. खाली पालापाचोळ्याचा थर थेंबांचा मारा सोसतो, मुळांनी पोखरलेली माती पाणी पिते, आणि ओढ्याला जे पाणी मिळतं ते उशिरा आणि हळूहळू मिळतं. सल्लागारांची कल्पना अशी होती की छपरं, पाया, रस्ते आणि गटारं मिळून हीच कामं करावीत: काही पाणी अडवावं, काही मुरवावं, काही साठवावं, आणि उरलेलं माती न उकरता वाहू द्यावं. इमारतीने झाडासारखं दिसण्याची गरज नाही. तिने झाडाच्या वाटणीचं पाणी सांभाळलं पाहिजे. ही मागणी मला या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती मोजून तपासता येते.

प्रकल्पाचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगीच्या मुद्द्यावर नोटीस देऊन काम थांबवायला लावलं, जमिनींवरून आणि डोंगर फोडण्यावरून वाद झाले, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जंगलाचा हिशेब मांडायचा आणि त्याच डोंगराचा उतार कापायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. उताराची माती एकदा सुटली की कुठल्याही छपराची रचना ती परत आणू शकत नाही. निसर्गापासून शिकून बांधायचं असेल तर कुठे बांधायचं नाही हे आधी ठरावं लागतं, आणि जमिनीला भाव आला की नेमकी हीच गोष्ट मागे पडते.

तरी तो प्रश्न वाया जाऊ देऊ नये, कारण तो पाच गुंठ्यांच्या प्लॉटलाही विचारता येतो. मुळशी, मावळ, वेल्ह्याकडे उतारावर घर बांधायचा विचार असेल तर कुदळ मारण्याआधी एक पावसाळा त्या जागेसाठी द्या. पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठे मुरतं याच्या खुणा नकाशावर करून ठेवा. जोराची सर आल्यावर प्लॉटच्या खालच्या टोकाचा ओहोळ किती वेळाने वाहू लागतो आणि पाणी गढूळ येतं की नितळ, हे तारखेसह लिहून ठेवा. मग आर्किटेक्टला तो कागद द्या आणि सांगा की घर झाल्यावरही ओहोळाने एवढाच वेळ घ्यावा आणि पाणी एवढंच नितळ यावं.